झोळीला झोल हवाच

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. कुपवाडच्या आमच्या घरामागच्या अंगणात आम्ही जाळीची झोळी बांधली. दुकानात तिला 'हॅमॉक' म्हणतात. एक टोक कडुलिंबाच्या बुंध्याला आणि दुसरं मागच्या फाटकाच्या विटांच्या खांबाला. झोळी लोंबती दिसू नये, पलंगासारखी सपाट असावी, म्हणून मी आणि माझ्या मुलाने जोर लावून दोरी आवळली. दोन दिवस घरातले सगळे तिच्यात आलटूनपालटून पहुडले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधकामावरचे गवंडी पाणी मागायला आले. मुलगा झोळीत वाचत पडला होता. मिस्त्रींनी तांब्या हातात घेतला, पण त्यांचं लक्ष खांबाच्या बुडाकडे गेलं. तिथे गिलाव्यावर केसासारखी बारीक, आडवी चीर पडली होती. त्यांनी आधी मुलाला खाली उतरवलं आणि मग मला म्हणाले, "सर, ह्यो खांब नुसता उभा हाय. ह्याच्या डोक्यावर पोतं ठिवा, न्हाईतर दोन माणसं बसवा, काय व्हायचं न्हाई. पर ह्याला आडवं वडू नगा."

मुलगा तेव्हा अकरावीत होता. त्याला हे पटेना. "बाबा, माझं वजन बावन्न किलो. हा खांब तीनशे किलोचा तरी असेल. मग मी त्याला कसा पाडणार?"

प्रश्न चांगला होता. मी अनेक वर्षं वर्गात बलांचा समांतरभुज चौकोन शिकवत आलो होतो, तरी दोरी आवळताना तो मला आठवला नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे उलगडलं ते इथे मांडतो आहे.

झोळी आपल्याला नवी नाही

'हॅमॉक' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या टायनो लोकांच्या भाषेतून आला. १४९२ मध्ये कोलंबस तिथे पोहोचला तेव्हा तिथली माणसं विणलेल्या झोळ्यांत झोपताना त्याला दिसली. पुढे युरोपातल्या खलाशांनी ती उचलली. जहाज डोललं तरी झोळी आपल्या जागी लोंबकळत राहते आणि झोपलेला माणूस बाहेर फेकला जात नाही, ही तिची मोठी सोय.

पण कापडाची झोळी आपल्याकडे घरोघरी असतेच. आजीचं जुनं लुगडं आढ्याला बांधून तान्ह्याला झोपवलेलं आपण पाहिलेलं आहे. गळिताच्या हंगामात सांगली जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसपास ऊसतोड कामगारांच्या कोपी उभ्या राहतात. तिथेही फडाच्या कडेच्या बाभळीला किंवा कोपीतल्या मेढीला बांधलेली झोळी दिसते. जमिनीवरचा विंचू-साप, चूल आणि बैलांचे पाय यांपासून मूल वर राहावं, एवढाच त्या आईचा हेतू असतो. आणि नागपंचमीला झाडांना झोके लागतात तेव्हा एकाच फांदीवर दोन-दोन मुली उभ्या राहून उंच झोका घेतात.

दोघींचं वजन पेलणारा झोका सुखरूप असतो, मग एकट्या मुलाच्या झोळीने खांब का हलावा? फरक दोरीच्या दिशेत आहे.

दोरी जितकी आडवी तितका ताण जास्त

झोक्याच्या दोन्ही दोऱ्या सरळ उभ्या असतात. ६० किलोचा माणूस स्थिर बसला की प्रत्येक दोरी ३० किलो भार उचलते. हिशेब संपला. (बलाचं खरं एकक न्यूटन आहे. बोलताना सोपं जावं म्हणून इथे किलोग्रॅम-भाराला नुसतं 'किलो' म्हटलं आहे.)

झोळीच्या दोऱ्या तिरक्या असतात. तिरकी दोरी दोन कामं एकाच वेळी करते: थोडं वर उचलते आणि थोडं बाजूला ओढते. माणसाला पेलतो तो फक्त वर उचलणारा भाग. दोन्ही बाजूंच्या आडव्या ओढी एकमेकींना तोलून धरतात. माणसाला त्या जाणवत नाहीत, पण खांबाला आणि झाडाला पुरेपूर जाणवतात.

त्रिकोणमिती न शिकलेल्या मुलांनाही हे गुणोत्तराने समजावता येतं. दोरी मधोमध वजन टांगून 'व्ही' आकारात लोंबते आहे असं समजा. बांधलेल्या जागेपासून सर्वांत खालच्या बिंदूपर्यंतची उभी खोली म्हणजे झोल. मग

दोरीतला ताण = निम्मं वजन × (अर्ध्या दोरीची लांबी ÷ झोल)

अर्धी दोरी २०० सेंमी आणि झोल १०० सेंमी असेल तर ६० किलोच्या माणसासाठी ताण ३० × २ = ६० किलो. तीच दोरी आवळून झोल २० सेंमीवर आणला तर ताण ३० × १० = ३०० किलो! माणूस तोच, दोरी तीच. फक्त झोल पाचपट कमी झाला आणि ताण पाचपट वाढला.

अकरावीच्या मुलांसाठी हेच सूत्र असं लिहिता येईल: ताण = वजन ÷ (२ × साइन कोन), आणि आडवी ओढ = वजन ÷ (२ × टॅन कोन). इथे कोन म्हणजे दोरीने आडव्या रेषेशी केलेला कोन. ६० किलोच्या माणसासाठी आकडे असे येतात:

४५ अंश: दोरीतला ताण ४२ किलो, आडवी ओढ ३० किलो
३० अंश: ताण ६० किलो, आडवी ओढ ५२ किलो
२० अंश: ताण ८८ किलो, आडवी ओढ ८२ किलो
१५ अंश: ताण ११६ किलो, आडवी ओढ ११२ किलो
१० अंश: ताण १७३ किलो, आडवी ओढ १७० किलो
५ अंश: ताण ३४४ किलो, आडवी ओढ ३४३ किलो

ताणाचा हा आकडा प्रत्येक बाजूच्या दोरीचा आहे, हे लक्षात घ्या. ३० अंशांपर्यंत सगळं आटोक्यात असतं. त्याखाली आकडे झपाट्याने वाढतात. कोन शून्य करायचा म्हटलं तर ताण अनंत लागेल. म्हणजे कितीही जोर लावला तरी वजन लटकवलेली दोरी अगदी सरळ करता येणारच नाही. आपण दोरी 'सपाट' करू पाहतो तेव्हा निसर्गाशी न जिंकता येणारी कुस्ती धरतो, आणि त्या कुस्तीत आधी मोडतो तो खांब.

हा नियम घरात आणि आसपास सगळीकडे भेटतो. कपडे वाळत घालायची तार फार ताणून बांधली की एका ओल्या चादरीनेही भिंतीतला खिळा उपटून येतो. थोडी सैल बांधली तर तीच तार वर्षानुवर्षं टिकते. विजेच्या खांबांवरच्या तारांना मुद्दाम झोल ठेवलेला असतो, कारण थंडीत तार आकसते आणि झोल नसेल तर ताण बेसुमार वाढतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरा जुळवताना पाहा. तार कित्येक किलो ताणाने खेचलेली असते, तरी करंगळीच्या हलक्या दाबाने ती मधोमध सहज बाजूला सरकते. झोळीचीच ही उलटी बाजू: आडव्या ताणलेल्या तारेवर मधोमध लावलेलं लहानसं बल टोकांच्या मोठ्या ताणाशी बरोबरी करतं.

वर्गात करून पाहा

दोन तानकाटे (५ किलोपर्यंत मोजणारे), दीड मीटर सुतळी आणि एक किलो वाळूची पिशवी घ्या. सुतळीची टोकं दोन तानकाट्यांना बांधा आणि पिशवी मधोमध लटकवा. दोन मुलांनी काटे सुतळीच्या रेषेत धरून एकाच उंचीवर उभं राहायचं. सुरुवातीला जवळ उभे राहिले तर दोन्ही काटे अर्ध्या किलोच्या जरा वर दिसतील. मग हळूहळू एकमेकांपासून दूर व्हायचं. तिसऱ्याने फळ्यावरच्या कोनमापकाने कोन मोजायचा आणि चौथ्याने नोंद करायची.

३० अंशांवर दोन्ही काटे एक-एक किलो दाखवतील. एक किलोच्या पिशवीसाठी एकूण दोन किलोची ओढ! इथे वर्गात हमखास वाद होतो, तो होऊ द्या. १० अंशांवर प्रत्येक काटा तीन किलोच्या जवळ जाईल. मग वर्गातल्या सर्वांत दणकट दोघांना सुतळी सरळ करायला सांगा. काटे पाच किलोला टेकतील, पण सुतळीतली वाकण जाणार नाही. (वजन एक किलोच ठेवा आणि पिशवीखाली कुणाचे पाय नसावेत. हा प्रयोग माणूस बसवून करू नये.)

तीनशे किलोचा खांब कसा पडतो

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. आमचा खांब ३० सेंमी × ३० सेंमी जाडीचा आणि १८० सेंमी उंच होता. विटांच्या बांधकामाची घनता घनमीटरला सुमारे १९०० किलो धरली तर त्याचं वजन ३०० किलोच्या आसपास येतं. मुलाचा अंदाज बरोबर होता.

पण खांब पडतो तेव्हा तो उचलावा लागत नाही. तो बुडाच्या एका कडेवर कलंडतो. खांबाचं वजन त्याला सरळ ठेवू पाहतं, पण ते वजन त्या कडेपासून फक्त १५ सेंमी अंतरावर काम करतं: ३०० × १५ = ४५०० किलो-सेंमी. दोरी मात्र जमिनीपासून १२० सेंमी उंचीवर बांधली होती. म्हणजे ४५०० ÷ १२० = ३७.५ किलोची आडवी ओढ खांबाच्या वजनाला हरवायला पुरेशी होती. हे पारीचं किंवा पहारीचंच गणित आहे. लांब बाजूला थोडा जोर लावला की आखूड बाजूचा मोठा धोंडा हलतो.

मुलगा पुन्हा झोळीत न बसता आम्ही पिशव्या ठेवून कोन मोजला. तो जेमतेम १५ अंश भरला. ५२ किलोच्या मुलासाठी आडवी ओढ येते ९७ किलो. पुरेशा ओढीच्या अडीचपटीहून जास्त! मग खांब उभा कसा राहिला? बुडाच्या सिमेंट-वाळूच्या सांध्याने धरून ठेवला म्हणून. पण विटा आणि सिमेंटचा सांधा दाबाला जितका दणकट असतो, तितकाच ओढीला कच्चा असतो. ती केसासारखी चीर म्हणजे सांधा हार मानायला लागल्याची खूण होती.

मुलाने लगेच विचारलं, "मग तीस अंशांचा झोल ठेवला असता तर चाललं असतं?" हिशेब करून पाहिला. ३० अंशांना ओढ ४५ किलोवर उतरते, पण तेवढा झोल ठेवायचा तर दोरी १६० सेंमी उंचीवर बांधावी लागते. तिथे २८ किलोही खांब कलंडवायला पुरतात. म्हणजे नुसत्या उभ्या असलेल्या विटांच्या खांबाला झोळी कशीही बांधली तरी चालणार नाही. मिस्त्री बोलले ते अक्षरशः खरं होतं.

सर्वांत भयंकर गोष्ट पडण्याच्या दिशेची. दोरी तुटली तर माणूस अर्धा मीटर खाली पडतो. खांब पडला तर तो ओढीच्या दिशेने, म्हणजे झोळीत निजलेल्या माणसावर पडतो. झोळीत पाठीवर पडलेल्याला चटकन उठताही येत नाही. फाटकाचे खांब, कुंपणाची भिंत, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी ठेवायला उभारलेले विटांचे ओटे, हे सगळे याच जातीचे. गिलावा झाला की विटांचा खांब आणि लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा खांब सारखेच दिसतात. त्यामुळे बघून ठरवू नका, बांधणाऱ्याला विचारा. ज्याच्या डोक्यावर स्लॅब किंवा तुळई आहे असा काँक्रीटचा खांब चालतो, कारण तो वर आणि खाली दोन्हीकडे धरलेला असतो.

मग बांधायची कशाला?

जिवंत, मजबूत झाडाचा बुंधा सर्वांत चांगला. कडुलिंब, चिंच, आंबा ही भरवशाची झाडं. बुंधा निदान २० सेंमी जाड असावा. शेवगा, पांगारा, पपई यांच्या वाटेला जाऊ नये. शेवग्याची फांदी पोराच्या वजनानेही काडकन मोडते. गुलमोहराच्या फांद्याही ठिसूळ. नारळाचा बुंधा दणकट असतो, पण वरून नारळ किंवा झावळी पडते, म्हणून त्याच्याखाली झोपू नये. बुंध्याला पोकळी, बुडाशी भूछत्रं किंवा वाळवीची माती दिसली तर ते झाड सोडून द्यावं. वर वाळकी फांदी अडकलेली नाही ना, हेही पाहावं.

झाडाचीही काळजी घ्यायला हवी. सालीच्या लगेच आतल्या थरातून पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे जातं. बारीक दोरी तिथे रुतली की ती वाट दाबली जाते. म्हणून रुंद पट्टा वापरा, किंवा दोरीखाली गोणपाटाची घडी घाला, आणि काम झालं की सोडून ठेवा. खिळे ठोकू नका.

दुसरं झाड नसेल तर लोखंडी नळाचा खांब रोवता येतो. पण आपल्या कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचा स्वभाव ध्यानात ठेवायला हवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. नुसता मातीत ठोकलेला खांब दोन हंगामांत खिळखिळा होतो. खड्डा निदान तीन फूट खोल घ्यावा, बुडाशी मुरूम आणि सभोवती काँक्रीट भरावं आणि खांब झोळीच्या उलट्या बाजूला किंचित कलता ठेवावा. दर पावसाळ्यानंतर त्याला दोन्ही हातांनी हलवून पाहावं. हलला तर तो खांब त्या वर्षापुरता बाद.

दोरी, गाठ आणि आदळणं

दोरीवर येणारा ताण आपण स्थिर माणसासाठी काढला. पण कुणी झोळीत संथपणे बसत नाही. वजन एकदम सोडलं तर दोरीला क्षणभर दुपटीच्या आसपास ताण सोसावा लागतो, आणि मुलं धावत येऊन उडी मारतात तेव्हा त्याहूनही जास्त. झोक्याचंही तसंच आहे. उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत गेलेला झोका खाली येतो, तेव्हा तळाशी दोरीवरचा ताण स्थिर असतानाच्या दुप्पट असतो. नागपंचमीच्या झोक्यात दोघी असतील तर दोरीला चौघींचा भार समजावा.

गाठीपाशी दोरी तीव्र वाकते आणि सगळे धागे सारखा भार घेत नाहीत. त्यामुळे गाठ मारलेल्या दोरीची ताकद जवळपास निम्मी होऊ शकते. म्हणूनच दोरी बहुधा गाठीजवळ तुटते. या सगळ्याचा विचार करून, जो ताण येईल असं वाटतं त्याच्या निदान पाचपट ताकदीची दोरी घ्यावी. चांगल्या प्रतीची नवी १० ते १२ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी या कामाला पुरते. घरातलं जुनं दावं, कासरा किंवा काथ्याची दोरी नको. काथ्या आणि सुती दोरी ओल राहिली की आतून कुजते, वरून मात्र धडधाकट दिसते. प्लास्टिकच्या दोऱ्यांना उन्हातले अतिनील किरण ठिसूळ करतात. रंग उडाला, तूस निघालं, दोरी वाळल्या काडीसारखी ताठ झाली की ती टाकून द्यावी. उघड्या तोंडाच्या आकड्यापेक्षा बंद कडी बरी. आकड्यातून दोरी निसटते, आणि जास्त ताणाने आकडा सरळही होतो.

तीस अंश मोजायचे कसे?

कंपासपेटीतला ३०-६० अंशांचा गुण्या काढा. सर्वांत आखूड बाजू उभी धरा. ती खरंच उभी आहे का हे पाहायला दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करा. मधल्या लांबीची बाजू आपोआप आडवी होईल आणि सर्वांत लांब बाजू आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करेल. झोळीत वजन असताना गुण्या डोळ्यासमोर धरून लांब बाजू दोरीशी समांतर आहे का पाहा. दोरी जास्त आडवी असेल तर सैल करा.

एक ढोबळ मापही देतो. दोन झाडं चार मीटर अंतरावर असतील तर ३० अंशांच्या कोनासाठी झोल साधारण सव्वा मीटरच्या आत-बाहेर येतो. बसण्याची जागा खुर्चीइतकी, म्हणजे ४५ सेंमी उंच हवी असेल तर दोरी सुमारे १६० सेंमी उंचीवर बांधावी. झाडं लांब असतील तर आणखी वर. बसण्याची जागा याहून उंच नको. ४५ सेंमीवरून पडणारं डोकं सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगाने जमिनीवर येतं, एक मीटरवरून पडलं तर जवळपास साडेचार मीटर वेगाने. झोळीखाली धुण्याचा दगड, पाटा, फरशीची कड, कुंडी काही नको. मऊ माती किंवा गवत असावं.

मग एवढी लोंबती झोळी पाठीला त्रास देणार नाही का? नाही. तिच्यात सरळ रेषेत न झोपता थोडं तिरकं झोपा. डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. कापड ताणलं जाऊन पाठ बरीच सरळ राहते. झोळी सपाट करायची ती अशी, दोरी आवळून नव्हे.

झोल असण्याचा आणखी एक फायदा आहे. झोळी दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरते. शरीराचा गुरुत्वमध्य त्या रेषेच्या बराच खाली असेल तर कलंडलेली झोळी लंबकासारखी परत जागेवर येते. झोळी आवळून सपाट केली, किंवा दोन्ही टोकांना आडव्या दांड्या लावून पसरट केली, की गुरुत्वमध्य त्या रेषेजवळ वर येतो आणि जरा कुशीवर वळताच माणूस खाली. म्हणून बसताना आधी कापड दोन्ही हातांनी पसरावं, मधोमध बूड टेकवावं आणि मग पाय वर घ्यावेत. झोळीत उभं राहू नये.

लहान मुलं आणि साडीचा झोका

आता सर्वांत गंभीर गोष्ट. घरात साडी बांधून केलेल्या झोक्यात खेळताना मुलांना गळफास बसल्याच्या बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येत असतात. आई-वडील कामावर, मोठी भावंडं शाळेत किंवा बाहेर आणि मूल झोक्याशी एकटं, अशी वेळ कुठल्याही घरात येऊ शकते.

होतं असं: मूल झोक्यात बसून गोल गोल फिरतं. साडीला पीळ बसत जातो. पीळ बसला की दोन पदर जवळ येतात आणि मधली जागा आवळते. मान त्यात असेल तर मुलाचं स्वतःचं वजनच फास घट्ट करतं. मानेतल्या रक्तवाहिन्या दबायला फार मोठा जोर लागत नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत मेंदूला कायमची इजा होते. मूल ओरडत नाही, कारण त्याला ओरडताच येत नाही. म्हणून 'आवाज आला की धावू' हा विचार इथे उपयोगाचा नाही.

उपाय साधे आहेत. मोठं कुणी जवळ नसेल तेव्हा झोका नुसता बाजूला न सारता सोडून ठेवायचा. झोक्याला लोंबती टोकं किंवा मोकळे फास ठेवायचे नाहीत. मुलांना गोल फिरून पीळ घालण्याचा खेळ करू द्यायचा नाही, आणि त्याचं कारण त्यांना समजावून सांगायचं. कुणी अडकलेलं दिसलं तर आधी त्याला खालून उचलून धरायचं म्हणजे फास सैल पडतो, आणि मग साडी सोडवायची किंवा कापायची. एवढं पाचवीतल्या मुलालाही शिकवता येतं.

तान्ह्या बाळाचं निराळं. खोल झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अशा बाळाला मान सावरता येत नाही. बाळाने झोपायची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे सपाट, घट्ट अंथरूण, पाठीवर. पण फडावर राबणाऱ्या आईला ही चैन नसते, हेही खरं. तिथे झोळीचं तोंड उघडं राहील अशी आडवी काठी घालणं, बाळाचं तोंड-नाक सतत दिसेल असं ठेवणं आणि थोड्या थोड्या वेळाने कुणीतरी जाऊन पाहणं एवढं तरी करता येतं.

शेवटी

आमच्या फाटकाचा खांब मिस्त्रींनी उतरवून सळया घालून पुन्हा बांधला. तरीही झोळी आता त्याला बांधत नाही. तिचं दुसरं टोक अंगणाच्या पलीकडच्या आंब्याला आहे. ती चांगली लोंबती असते. येणारे-जाणारे म्हणतात, "जरा आवळून बांधा की!" तेव्हा माझा मुलगा कंपासपेटी आणायला धावतो.

मुलांसाठी काही प्रश्न: १) ४५ किलोची मुलगी १० अंश कोनाच्या झोळीत बसली तर दोरीतला ताण किती? ३० अंशांना किती? २) आपल्या शाळेच्या फाटकाचा खांब मोजा. त्याचं वजन आणि त्याला कलंडवायला १५० सेंमी उंचीवर लागणारी आडवी ओढ काढा. (फक्त कागदावर!) ३) खांब दुप्पट जाड केला, उंची तीच ठेवली, तर ती ओढ किती पट होईल? उत्तर आठ पट येईल. ते आठ पट का, याचा शोध घ्या. ४) घरातली कपड्यांची तार, झोका, पाळणा यांच्या दोऱ्या, गाठी आणि कड्या पाहून यादी करा आणि काय बदलायला हवं ते घरी सांगा.

चौथ्या प्रश्नाला गुण देता येणार नाहीत. पण तोच आधी सोडवून घ्यावा.